कार्व्हर ग्रोव्हची ज्युली

आमच्या वसईच्या आळीत ज्युलीला ओळखत नाही असं कोणी नाही, पण तिला ज्युली म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कोणासाठी ती ॲन्सेल्मची बायको, कोणासाठी मर्लिनची आई. तिची सासू हेलनआई तर तिला "अगं ए" एवढंच म्हणायची. एकदा चर्चच्या ऑफिसात कसलासा दाखला आणायला आम्ही दोघी गेलो. क्लार्कने विचारलं, "नाव?" तर ही म्हणाली, "मर्लिनची आई." क्लार्क हसला, तीही हसली. पण परत येताना वाटेत मला म्हणाली, "रिटाबाय, हसण्यासारखं नाही गं हे."

आम्ही दोघी एकाच मराठी शाळेतल्या. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून, तेही पाठ करून लिहिण्यापुरतं. ज्युली मात्र बोलायला शिकली. लग्नाआधी ती वांद्र्याच्या एका हॉस्पिटलात टेलिफोनच्या बोर्डावर होती. डॉक्टर ओरडायचे, पेशंटची माणसं रडायची, आणि ही सगळ्यांना एकाच आवाजात उत्तर द्यायची. मग लग्न झालं, मर्लिन झाली, सासऱ्यांचं दुखणं आलं, नोकरी सुटली ती सुटलीच. नवऱ्याची फुलांची वाडी आहे, मोगरा आणि सोनचाफा. त्यात दिवस कसा जातो ते कळत नाही. पण मर्लिन नर्स होऊन पुण्याला गेली आणि दिवस कळायला लागले.

मर्लिनची कॉलेजातली मैत्रीण उन्नती विरारला मनवेलपाड्यात राहते. एकदा फुलं न्यायला आली होती. तिनेच सांगितलं, "आंटी, आमच्या ऑफिसात फोनवर बोलायला माणूस पाहिजे. अमेरिकेतल्या एका छोट्या सिटीचं काम आहे. तिथे म्हाताऱ्या लोकांसाठी सिटीची व्हॅन असते. ते फोन करतात, आपण गाडी लावून द्यायची. बस."

"विरारमधून?" हेलनआईने विचारलं. "त्यांच्याकडे फोन उचलायला माणूस नाही?"

"आहे ना आजी. पण आपल्याकडे स्वस्त आहे."

ज्युली गेली. तिथला सुपरवायझर सुमेध, मर्लिनपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. त्याने वय विचारलं, कंप्युटर येतो का विचारलं. दोन्ही उत्तरांनी त्याचं तोंड पडलं. शेवटी म्हणाला, "बरं मॅडम, समजा मी कस्टमर आहे. बोला." ज्युलीने खुर्चीत पाठ सरळ केली आणि तो हॉस्पिटलचा आवाज काढला. सुमेध आपोआप सावरून बसला म्हणे. तीन महिने बघू, मग पक्कं करू, असं ठरलं.

त्या सिटीचं नाव कार्व्हर ग्रोव्ह. आयोवा राज्यातलं. ज्युलीने नकाशात दाखवलं तेव्हा मी विचारलं, "वस्ती किती?" तिने सांगितलं. मला वाटलं एखादं शून्य विसरली. आपल्याकडे वसई-विरार एवढं अफाट पसरलंय, तरी लोक अजून "गावाला राहतो" म्हणतात. आणि तिकडे आमच्या चार आळ्या मिळून होईल एवढ्या वस्तीला सिटी म्हणायचं! चहूकडे मक्याची शेतं, मध्ये एक नदी, धान्याच्या उंच टाक्या, एक सिग्नल. पोरं शिकून मोठ्या शहरात गेली आणि मागे म्हातारे राहिले. गाडी चालवायचं वय सरलं की तिथे माणूस घरात अडकतो. रिक्षा नाही, बस नाही, दवाखाना-दुकानंही लांब. म्हणून सिटीने दोन व्हॅन ठेवल्या होत्या. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली की थोड्या वेळात तिकडचे फोन सुरू व्हायचे.

"धिस इज ज्युली," ती म्हणायची. पलीकडून आवाज यायचा, "हॅलो ज्युली." एका संध्याकाळी तीस-चाळीस वेळा.

महिनाभरात कार्व्हर ग्रोव्ह आमच्या ओट्यावर आलं. दुपारी आम्ही पाच-सहा जणी मोगऱ्याच्या कळ्या निवडायला बसतो. तिथे ज्युली सांगायची. एक बाई दर शुक्रवारी केस सेट करायला जाते, तिचं वय नव्वद. एकजण दर शनिवारी बायकोच्या कबरीवर जातो आणि ड्रायव्हर डेल त्याच्यासाठी गेटाबाहेर गाडी उभी करून थांबतो. एका बाईला तीन पायऱ्या उतरता येत नाहीत, तिला डेल हात देतो, म्हणून ती त्याच्यासाठी सफरचंदाचा केक ठेवते. ज्युली माणसांची आडनावं सांगत नसे, ऑफिसचा तसा नियमच होता. पण आमच्या बायकांना आडनावाशी काय करायचं? "केसवालीला बरं आहे का गं?" अशी चौकशी व्हायची. हेलनआई नाक मुरडायची. "लोकांची म्हातारी सांभाळते. घरची म्हातारी बसलीय भाताची वाट बघत." पण कबरीवर जाणाऱ्याची गोष्ट आली की तीही कान इकडे करायची.

ज्युलीला एकच गोष्ट जमत नव्हती. "नाही" म्हणणं. व्हॅन दोन, माणसं जास्त. जागा भरल्या की "सॉरी, उद्या गाडी नाही" असं सांगायचं. एका म्हाताऱ्याची डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख अशी दोनदा हुकली. दुसऱ्या वेळी त्याने फक्त "बरं" म्हणून फोन ठेवला. ज्युली मला म्हणाली, "भांडला असता तर बरं झालं असतं."

त्याच दिवशी तिचं लक्ष पडद्यावरच्या यादीकडे गेलं. एकाच रस्त्यावर शेजारशेजारची दोन घरं. एका घरात ओपल नावाची बाई, दुसऱ्यात व्हर्जिल नावाचे गृहस्थ. दोघंही ऐंशीच्या पुढचे. दर मंगळवारी दोघंही हॉस्पिटलात जातात, वेळेत दहा-पंधरा मिनिटांचा फरक. आणि व्हॅन दोनदा जाते! एकदा तिला घेऊन, एकदा त्याला घेऊन.

आता सांगा, आपल्याकडच्या कुठल्या बाईच्या डोक्यात हे येणार नाही? वसई स्टेशनच्या बाहेर रिक्षावाला तीन माणसं भरल्याशिवाय हलतो का? कोण कोणाच्या मांडीला मांडी लावून बसलंय ते आपण बघतही नाही. ज्युलीने ओपलला फोन केला, "मॅडम, दहा मिनिटं लवकर तयार राहाल का?" ती म्हणाली, राहीन. व्हर्जिलना विचारलं, "थोडं उशिरा चालेल का?" ते म्हणाले, चालेल. बरोबर कोण असेल ते सांगायचं नाही, हाही नियमच. ज्युलीने दोघांना एका गाडीत घातलं आणि रिकाम्या झालेल्या फेरीत डोळेवाल्या म्हाताऱ्याला बसवलं. त्या दिवशी ओट्यावर ती इतकी खुशीत होती की कळ्यांबरोबर पानंही पुडीत बांधत होती.

मंगळवारी काय झालं ते उन्नतीने सांगितलं. डेल आधी व्हर्जिलना घेऊन ओपलच्या दाराशी गेला. ओपल काठी टेकत बाहेर आली, गाडीचं दार उघडलं, आत बघितलं. मग वळली, पायऱ्या चढून घरात गेली आणि दार लावून घेतलं. डेलने बेल वाजवली, हाका मारल्या. ती आली नाही. तिची हृदयाची तपासणी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने सिटीच्या ऑफिसात तक्रार केली. ज्युली नावाच्या बाईने मला फसवून त्या माणसाच्या शेजारी बसवायचा प्रयत्न केला, अशी.

सुमेधने ज्युलीला बाजूला घेतलं. "मॅडम, क्लाएंट एकदम गरम है. शुक्रवारी त्यांच्या मॅनेजरबरोबर मीटिंग आहे. तोपर्यंत तुम्ही फोन घेऊ नका."

"आणि मग?"

"मग ते बोलतील तसं. तुमचे तीन महिने पण याच आठवड्यात संपतायत ना." तो खाली बघत म्हणाला.

ज्युली घरी आली ती थेट माझ्याकडे. चहा केला तर तिने कप हातातच धरून ठेवला. "नोकरी जाईल त्याचं एक," ती म्हणाली, "पण तिची तपासणी राहिली ना रिटाबाय. हृदयाची. उद्या काही झालं तर?" आणि थोड्या वेळाने, हळूच, "आणि खरं सांगू, मला परत नुसतं घरात बसायचं नाहीये. तिथे मी कोणीतरी आहे गं."

आम्ही दोघींनी मिळून जपमाळ म्हटली आणि ती घरी गेली.

हेलनआईला कळायचं ते कळलंच. ती दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्यांचं बोलणं बंद आहे त्यांना एका गाडीत कोणी बसवतं का? आपल्या आळीत तरी बसवशील? पेद्रूच्या घरच्यांना नि फ्रान्सूच्या घरच्यांना?"

"आई, मला काय ठाऊक त्यांचं बोलणं बंद आहे?"

"मग विचारायचं. तोंड आहे ना देवाने दिलेलं?"

सगळ्या हसल्या. ज्युली हसली नाही. पण ते वाक्य तिच्या डोक्यात राहिलं असावं.

शुक्रवारी संध्याकाळी मीटिंग झाली, कंप्युटरच्या पडद्यावर. तिकडून गेल नावाच्या बाई होत्या, व्हॅनचं काम बघणाऱ्या. सुमेधने ज्युलीला आधीच पढवून ठेवलं होतं. "बोलायचं, सिस्टिमची मिस्टेक झाली. सॉफ्टवेअरने आपोआप दोन बुकिंग एकत्र केली. सॉरी बोलायचं, बात खतम." उन्नतीनेही मान हलवली, आंटी, असंच बोला.

गेलबाईंनी विचारलं, "काय झालं होतं?"

सुमेधने ज्युलीकडे बघितलं. ज्युलीने गळ्यातला क्रूस चाचपला आणि म्हणाली, "सिस्टिमने काही केलं नाही. मी केलं."

सुमेधने डोळे मिटले.

ज्युली बोलत गेली. आमच्याकडे एका रिक्षात अनोळखी माणसं कशी बसतात, एका रस्त्यावरची माणसं वेगवेगळ्या गाड्यांनी जातात हे बघून तिला कसं नवल वाटलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला दोनदा नाही म्हणावं लागलं ते. "मी न विचारता केलं ही माझी चूक," ती म्हणाली. "एकत्र चालेल का, हे दोघांनाही आधी विचारायला पाहिजे होतं. मला त्या बाईंची माफी मागायची आहे. त्यांची तपासणी झाली का, एवढं तरी मला सांगा."

गेलबाईंनी समोरचा तक्रारीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तपासणी काल झाली. मीच नेलं तिला माझ्या गाडीतून. ती ठीक आहे." ज्युलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते पडद्यावर दिसलं असणार. गेलबाईंचा आवाज उतरला. "ज्युली, त्या दोघांचं काय आहे ते या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुला एकटीलाच नव्हतं." हे वाक्य असंच होतं असं नाही. ज्युलीने मला आपल्या भाषेत सांगितलं ते मी लिहिते.

मग त्यांनी सांगितलं. कार्व्हर ग्रोव्हमध्ये पूर्वी कॅथलिकांची दोन चर्च होती. माणसं कमी झाली, फादर मिळेनात. दोन्ही धर्मग्रामं, म्हणजे दोन्ही चर्चची माणसं, एक करायची ठरली आणि एक चर्च बंद झालं. संत ब्रिजिटचं. ओपलच्या आजोबांनी त्याच्या विटा वाहिल्या होत्या, तिचं लग्न तिथे झालं, नवऱ्याच्या अंत्यविधीची प्रार्थना, शेवटचं मिस्सा, तेही तिथेच. आणि बंद करायचं ठरवणाऱ्या कमिटीत शेजारचा व्हर्जिल होता, तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. त्याने बंद करण्याच्या बाजूने हात वर केला. त्या दिवसापासून ओपल त्याच्याशी बोलली नाही. नव्या चर्चमध्येही ती जात नाही.

"माझ्या हातात काही नाही," गेलबाई म्हणाल्या. "तक्रार लेखी आहे. ओपलने मागे घेतली तर ज्युली राहील. नाही घेतली तर मला दुसरं माणूस मागावं लागेल. सोमवारपर्यंत बघू. माफी मागायची तर मी तिला विचारून फोन जोडून देते."

त्याच संध्याकाळी फोन जोडला. सुमेध शेजारी बसून ऐकत होता.

"तू ती होय?" ओपल म्हणाली.

"हो. मी ज्युली. मॅडम, मी तुमची माफी मागते. मी विचारलं नाही."

"नाहीच विचारलंस. ऐंशी ओलांडलेल्या बाईला पार्सलसारखं कोणाच्याही शेजारी ठेवून दिलंस."

"हो मॅडम."

"सगळ्याला हो म्हणू नकोस. चीड येते."

"बरं मॅडम."

पलीकडून एक फुसकारा आला. ज्युलीला तो हसण्यासारखा वाटला, सुमेधला नाही. ज्युली म्हणाली, "मॅडम, मला तुमच्या चर्चचं आताच कळलं. मला वाईट वाटतं. तुमच्या तब्येतीसाठी मी कालच आमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली होती."

"तू कॅथलिक आहेस?" ओपलचा आवाज बदलला. "इंडियात?"

"आमची आख्खी आळी आहे मॅडम. चारशे वर्षांहून जुनी."

"चर्च चालू आहे तुमचं?"

"हो."

"माणसं येतात?"

"रविवारी आत जागा मिळत नाही. लोक बाहेर मांडवात उभे राहतात. पोरं झाडाखाली."

फोन कट झाला असं वाटून सुमेधने पडद्याकडे बघितलं. मग ओपल हळूच म्हणाली, "बाहेर उभे राहतात." आणि मग, "संत ब्रिजिटची आठवण कोणीतरी काढायला हवी. इथे कोणी काढत नाही."

"मी मिस्सा देते मॅडम. या रविवारी. आमचं मिस्सा यूट्यूबवर दिसतं, तुम्हाला बघता येईल." आणि तिने आमच्या चर्चचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं.

तक्रारीबद्दल ओपल काहीच बोलली नाही. ज्युलीनेही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर सुमेध म्हणाला, "मॅडम, मेन पॉइंट तर राहिलाच!"

"माफी हाच मेन पॉइंट होता," ज्युली म्हणाली.

शनिवारी सकाळी ती मला घेऊन चर्चच्या ऑफिसात गेली. मिस्साचा हेतू, म्हणजे ती प्रार्थना कोणासाठी ते, लिहून द्यायचा होता. तिने लिहिलं, "संत ब्रिजिटचं चर्च, आणि ओपल व व्हर्जिल यांच्यासाठी." मी म्हटलं, "अगं, दोघांची नावं एकत्र? परत तेच करतेस? त्या बाईने ऐकलं तर?"

"गाडीत बसवताना विचारायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "प्रार्थना करायला कोणाला विचारायचं?"

रविवारी फादर ऑस्करनी हेतू वाचले. कोणाच्या वर्षश्राद्धाचं मिस्सा, कोणाच्या लग्नाच्या वाढदिवसाचं, आणि मध्येच, "संत ब्रिजिटचं चर्च, ओपल आणि व्हर्जिल." चर्चमध्ये माना वळल्या. माझ्या पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला विचारत होती, "ओपल कोणाची गं? खालच्या आळीतली?" "छे, माहेरची असेल कोणाच्या तरी. गेली की काय?" मिस्सा संपल्यावर बाहेर तर गर्दीच झाली. कोण गेलं, कधी गेलं, दफन कधी. एक काका तर ॲन्सेल्मला भेटून सांत्वनही करून गेले. ॲन्सेल्मने आपलं "हो, हो" केलं, कारण त्याला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं. शेवटी हेलनआई मांडवाच्या खांबाला टेकून मोठ्याने म्हणाली, "कोणी गेलं नाही! अमेरिकेतली आहेत. भांडलीयत. माझ्या सुनेच्या गाडीतली माणसं आहेत."

माझ्या सुनेच्या! ज्युलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

सोमवारी ज्युली नेहमीसारखी तयार झाली. निळी साडी नेसली, केस बांधले. मी विचारलं, "घाबरलीस का?" म्हणाली, "घाबरलेय तर. पण जाते. घालवायचं असेल तर तोंडावर सांगू दे." ती गेल्यावर मी घरी प्रार्थना केली. खोटं कशाला सांगू, मन लागलं नाही, अर्धं लक्ष फोनकडे होतं.

पुढचं उन्नतीकडून आणि ज्युलीकडून तुकड्यातुकड्याने कळलं. ज्युलीचा ऑफिसातला फोन बंद ठेवला होता. ती नुसती खुर्चीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. सुमेध दर पाच मिनिटांनी मेल बघायचा. गेलबाईंचं काही आलं नव्हतं. बाकीच्या मुली फोन घेत होत्या. रात्रीचे आठ वाजून गेले, नऊ वाजत आले. मग उन्नतीने हात वर केला, "सर, ती ओपल आहे. माझ्याशी बोलत नाही. ज्युली पाहिजे म्हणते."

सुमेधने एकदा ज्युलीकडे बघितलं आणि तिचा फोन चालू केला. स्वतः दुसरा हेडफोन कानाला लावला.

"धिस इज ज्युली."

"तुझं मिस्सा बघितलं मी," ओपल म्हणाली. "माझ्या भाचीने लावून दिलं. स्वयंपाकघरात बसून बघितलं. एक शब्द कळला नाही."

"हो मॅडम. मराठीत असतं."

"पण उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, ते सगळं कळत होतं. भाची म्हणाली, आत्या, बस खाली, पडशील. मी नाही बसले. आणि तुमच्या फादरने माझं नाव घेतलं."

"हो मॅडम."

"आणि माझ्या मागोमाग त्याचं. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही."

ज्युलीचा हात टेबलावर थांबला. सुमेधने तिच्याकडे बघून ओठ हलवले, "कोणाचं?" तिने पडद्यावरच्या व्हर्जिलच्या नावावर बोट ठेवलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. "मीच तसं लिहून दिलं होतं मॅडम," ती म्हणाली. "मनात आलं ते लिहिलं."

"तू फार आगाऊ आहेस," ओपल म्हणाली.

"माझी सासूही तेच म्हणते."

या वेळी मात्र पलीकडून खरंच हसू आलं. खोकल्यात मिसळलेलं, म्हाताऱ्या बाईचं. ते सरल्यावर ती म्हणाली, "मी गेलला सकाळीच सांगितलंय, ते कागद फाडून टाक म्हणून. आता उद्याचं बघ. मंगळवार आहे ना. हॉस्पिटल."

ज्युलीने पडद्यावर जागा काढली. तिला हेलनआईचं वाक्य आठवलं असेल किंवा नसेल, पण तिने या वेळी नीट विचारलं. "मॅडम, तुमच्या रस्त्यावरून आणखी एकजण त्याच सुमाराला जातात. तुम्हाला एकत्र चालेल का? नको असेल तर मी वेगळी गाडी लावते. काहीच हरकत नाही."

ओपलच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक फोनवर ऐकू येत होती म्हणे.

"तो पुढे बसेल. डेलच्या शेजारी," ती म्हणाली. "आणि मक्याच्या भावाबद्दल बोलणार नाही. मला बोलायचं असेल तर मी बोलेन."

"मी डेलला सांगते मॅडम. आणि त्यांनाही फोन करून विचारते."

"त्याला कशाला फोन करतेस? त्याला फोनवर धड ऐकू येत नाही, सगळ्याला हो म्हणतो. मागच्या वेळी तुला काय हो म्हणाला ते त्यालाही कळलं नसेल." ओपल वैतागून म्हणाली. "मी कुंपणावरून ओरडून सांगते. त्याचंही माझ्याबरोबरच लिही. नऊ वाजता. यायचं-जायचं, दोन्ही."

ज्युलीने दोन्ही नावं लिहिली. खाली फोन घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती, तिथे ज्युली लिहिलं. सुमेधने कानातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, उद्यापासून सगळ्यांना असंच विचारायचं हां. मी नवीन मुलींना पण सांगतो, ज्युली मॅडमकडून शिका." मग डोकं खाजवत म्हणाला, "और प्लीज, चर्चमध्ये नावं देण्याआधी मला एकदा सांगत जा."

तेवढ्यात पुढचा फोन वाजला. तिने उचलला.